सेलेटारला उतरलेली एमी



मागच्या अंकातल्या काढ्यांवर आणि लेपांवर मोठ्यांची पत्रं पुष्कळ आली. त्यांची उत्तरं पुढे कधीतरी देऊ. या वेळी मान एका दहा वर्षांच्या पोरीचा. चांगीला एअर शो बघून आली आणि तिने आम्हांला विचारलं, नवीन विमान सगळ्यांत आधी कोण उडवून बघतं? आणि ते काम कधी कोणा बाईने केलं आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आम्ही सारी उमर वॉर्डात काढली. नवीन मशीन आलं की ते आधी चालवून, तपासून बघायचं आणि मगच पेशंटला लावायचं, हा नियम. विमानाचंही तसंच, फक्त तिथे मशीन बिघडलं तर तपासणाराच खाली येतो. हे काम करणाऱ्याला टेस्ट पायलट म्हणतात. कारखान्यातून निघालेलं विमान तो वर नेतो, मुद्दाम आडवंतिडवं करतो, जोरात खाली सूर मारतो, आणि परत येऊन इंजिनिअरला सांगतो की अमुक वेगाला थरथरतं, तमुक ठिकाणी जड जातं. म्हणजे विद्या दोन लागतात. उडवायची एक आणि यंत्र समजायची दुसरी.

या दोन्ही विद्या एका अंगात असलेली एक बाई १९३० साली आपल्या या सिंगापुरात येऊन गेली. टेस्ट पायलट अशी पाटी तिच्या नावापुढे कधी लागली नाही, पण तिने जे केलं ते त्या कामाच्या फार जवळचं होतं, असं आमचं मत आहे. शिवाय ती आपल्या झाशीवरून आली होती, म्हणून तिची गोष्ट आधी सांगतो.

रविवार, १८ मे १९३०. सेलेटारचा विमानतळ तेव्हा नवा कोरा, ब्रिटिश हवाईदलाचा. त्या दिवशी तिथे एक छोटंसं हिरवं विमान उतरलं. पंखांच्या जोड्या दोन, एकावर एक. अंग लाकडाचं, पंखांवर ताणून बसवलेलं कापड, आणि वर छप्पर नाही, म्हणजे ऊन, पाऊस, वारा सगळं पायलटच्या तोंडावर. त्यातून उन्हाने रापलेली एक २६ वर्षांची मुलगी उतरली. एकटी. लंडनजवळच्या क्रॉयडनहून ती ५ तारखेला निघाली होती आणि ऑस्ट्रेलियाला चालली होती. नाव एमी जॉन्सन.

एमी १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडातल्या हल बंदरात जन्मली. घरचा धंदा मासळीचा. आपल्या कोकणातल्या वाचकांना हे ऐकून बरं वाटेल. बाप मासळीचा मोठा व्यापारी, चार बहिणींत ही थोरली. शेफील्डच्या विद्यापीठात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली, मग लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग आणि पत्रव्यवहार करू लागली. १९२८ साली स्टॅग लेन नावाच्या मैदानावरच्या फ्लाइंग क्लबात शिकायला लागली. शिकाऊ म्हणून काही हुशार नव्हती. एकटीने विमान वर न्यायला तिला जवळजवळ १६ तासांची शिकवणी लागली, आणि उतरवताना ती आदळायची. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आजकाल आयाबायांना वाटतं की पोर पहिल्या महिन्यातच चमकलं पाहिजे.

पण दुसरी विद्या तिने जिद्दीने उचलली. ऑफिसला जाण्याआधी आणि ऑफिस सुटल्यावर ती विमानांच्या शेडमध्ये असायची. जॅक हम्फ्रीज नावाचा तिथला मुख्य इंजिनिअर, त्याच्या हाताखाली तिने इंजिन खोलायला, साफ करायला, जोडायला शिकून घेतलं. हात काळे, नखांत तेल. मिस्त्री लोक तिला पुरुषाच्या नावाने जॉनी म्हणायचे. १९२९ च्या डिसेंबरात तिला ग्राउंड इंजिनिअरचं सरकारी लायसन मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली ब्रिटिश बाई. दुरुस्त केलेलं इंजिन उडायला लायक आहे की नाही यावर सही करायचा हक्क या लायसनने मिळतो. आम्ही नर्स लोक त्या सहीची किंमत जाणतो. पेशंटच्या चार्टवर सही केली की रात्री काय होईल त्याला आपण जबाबदार.

मग तिला ऑस्ट्रेलियाचा ध्यास लागला. बर्ट हिंक्लर नावाचा एक पायलट १९२८ साली साडेपंधरा दिवसांत तिथे पोचला होता, त्याच्यापेक्षा लवकर पोचायचं. तोवर एमीचा सर्वांत लांबचा एकटीचा प्रवास म्हणजे लंडनहून माहेरी हलला जाणं, दीडशे मैलसुद्धा नाही! बापाने अर्धे पैसे दिले, तेलाच्या धंद्यातल्या लॉर्ड वेकफील्डने बाकीचे. ६०० पौंडांत जिप्सी मॉथ जातीचं जुनं विमान घेतलं आणि त्याला जेसन हे नाव दिलं. बापाच्या मासळीचा ट्रेडमार्क तोच होता.

निघताना तिने काय काय बरोबर घेतलं, ते ऐका. दुरुस्तीची हत्यारं, मच्छरदाणी, पिस्तूल, प्रथमोपचाराची पेटी, आणि विमानाच्या अंगाला बाहेरून बांधलेला एक जादा पंखा, प्रोपेलर. मोडलेल्या पायाला फळी बांधावी तसा तो दिसत असणार. जादा पेट्रोलची टाकी पुढच्या सीटच्या जागी. तिच्यातलं पेट्रोल हातपंपाने वर चढवायचं, आणि त्या वासाने तिला मळमळायचं. रेडिओ नाही. खाली नकाशा, वर आकाश.

बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवलं. विमान उडून जाऊ नये म्हणून चाकांपुढे सामान लावलं, आणि वादळ थांबेपर्यंत पिस्तूल हातात धरून विमानाला पाठ लावून बसली. पुढे बगदादला उतरताना चाकांचा आधार मोडला, तो तिथे दुरुस्त झाला. सहाव्या दिवशी कराची. हिंक्लरच्या ती दोन दिवस पुढे होती! तोवर वर्तमानपत्रांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं, आता तारांवर तारा सुटल्या. कराचीत त्या काळी आपल्या बेने इस्राएल मंडळींची चांगली वस्ती होती. कोणाच्या घरी त्या दिवसाची आठवण वडीलधाऱ्यांनी सांगितलेली असेल तर आम्हांला जरूर कळवावे.

कराचीहून अलाहाबादला जायचं, पण वाटेत पेट्रोल संपत आलं. खाली दिसलं ते झाशी. शाळेत असताना झाशीच्या राणीचा धडा वाचताना आम्ही सगळ्या मुली ताठ बसायचो, त्या झाशीला १९३० साली आकाशातून आणखी एक जिद्दी बाई उतरली, हे आम्हांला खूप वर्षांनी कळलं. उतरली ती पलटणीच्या परेड मैदानावर. शिपायांची पळापळ झाली, विमान बराकींपर्यंत घसरत गेलं आणि पंख फाटला, मोडला. तो पंख तिथल्या सुताराने बसवून दिला. लाकूड आणि कापड म्हटल्यावर सुतार आणि शिंपी हेच त्या विमानाचे खरे डॉक्टर!

कलकत्त्याहून पुढे पावसाने गाठलं. रंगूनला रेसकोर्सवर उतरायचं होतं, पण मुसळधार पावसात ते सापडेना, म्हणून जवळच्या इन्सीन गावात एका खेळाच्या मैदानावर ती उतरली आणि विमान थेट चरात गेलं. पंख, चाकं, प्रोपेलर, सगळ्याचं नुकसान. नशिबाने मैदान तिथल्या सरकारी टेक्निकल इन्स्टिट्यूटचं होतं. मास्तर आणि विद्यार्थी कामाला लागले. पंखावर चढवायला कापड कुठून आणणार? तर पहिल्या महायुद्धातून उरलेलं विमानाचं कापड पूर्वी कोणीतरी स्वस्तात विकलं होतं आणि त्याचे लोकांनी शर्ट शिवले होते. ते शर्ट गोळा केले, उसवले आणि पंखांवर चढवले. बाहेर बांधून आणलेला जादा प्रोपेलर इथेच उपयोगी पडला. इंजिनचं तिने स्वतः पाहिलं. या सगळ्यात दोन-तीन दिवस गेले आणि हिंक्लरचा विक्रम हातचा गेला. तिला ते समजलं होतं, तरी ती पुढे निघाली. विक्रम गेला म्हटल्यावर रंगूनहून बोटीने घरी जाता आलं असतं, कोणी नावं ठेवली नसती.

बँकॉक, मग सयामच्या किनाऱ्यावरचं सिंगोरा, आणि मग आपलं सेलेटार.

म्हणजे बघा, सेलेटारला त्या रविवारी उतरलेलं विमान सुताराने जोडलेलं, शर्टांच्या कापडाने शिवलेलं आणि जादा प्रोपेलरवर आलेलं होतं. दर दुरुस्तीनंतर ते उडेल की नाही हे बघायला दुसरा कोणी नव्हता. जमिनीवर ती इंजिनिअर म्हणून तपासायची, वर गेल्यावर पायलट म्हणून. त्या पोरीला आम्ही हेच सांगू की नवीन विमान तपासणं धोक्याचं खरं, पण तीनदा मोडून चौथ्यांदा जोडलेलं विमान रोज सकाळी समुद्रावर नेणं त्याहून कमी नाही.

सिंगापुरात एक रात्र काढून ती जावा बेटाकडे निघाली. तिथे चोमालला उसाच्या मळ्याजवळ मोकळी जागा बघून उतरली. पण घर बांधायला कोणीतरी तिथे बांबूच्या खुंट्या रोवून ठेवल्या होत्या, त्या पंखांत घुसल्या. भोकं पडली. तिने काय केलं असेल? प्रथमोपचाराची चिकटपट्टी काढली आणि पंखांना लावली! आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना. जन्मभर आम्ही जी पट्टी गुडघ्यांना आणि सलाईनच्या नळ्यांना लावली, तीच पट्टी लावून ही बाई विमान उडवत होती. कापड फाटलं तर फाटलेली कड वाऱ्याने उसवत जाते, म्हणून कड दाबून धरणं महत्त्वाचं. जखमेचंही तेच आहे.

तिमोर बेटावर ती एक दिवस हरवली. ठरल्या ठिकाणी पोचली नाही, तारा आल्या नाहीत, जग चिंतेत पडलं. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच एका गावाजवळ उतरली होती. मग तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे १९३० रोजी ती डार्विनला पोचली. साडेएकोणीस दिवस, सुमारे ११,००० मैल. विक्रम नाही झाला, पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली बाई ठरली.

पुढचं थोडक्यात सांगतो. राजाकडून किताब मिळाला, लंडनच्या एका वर्तमानपत्राने १०,००० पौंड दिले, लंडनला परतली तेव्हा लाखो लोक रस्त्यांवर. १९३१ साली हम्फ्रीजला बरोबर घेऊन टोकियोला गेली. १९३२ साली जिम मॉलिसन नावाच्या पायलटशी लग्न केलं, त्याच वर्षी केपटाऊनच्या प्रवासात नवऱ्याचाच विक्रम मोडला. १९३८ साली घटस्फोट. लग्नाबद्दल वर्तमानपत्रांनी पुष्कळ छापलं, आम्ही त्यात शिरत नाही.

आम्हांला खटकतं ते दुसरंच. जिच्या स्वागताला लाखो लोक आले, तिला विमान कंपनीत पायलटची साधी कायमची नोकरी मिळेना. बाईच्या हातात प्रवासी द्यायला कंपन्या तयार नव्हत्या. १९३९ साली ही जगप्रसिद्ध बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर माणसं नेत होती, काही मिनिटांची फेरी, जशी मुंबई-रेवसची लाँच. हार घालायला सगळे येतात, ड्युटी द्यायला कोणी येत नाही. आपल्या भारतात सौदामिनी देशमुख या मराठी बाईने सगळ्या बायकांचा चमू घेऊन कलकत्ता-सिलचर विमान नेलं, ते १९८५ साली. त्यावरून वाचकांनी काळाचा हिशोब करावा.

आता पोरीच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. होय, टेस्ट पायलटचं काम बाईने केलं आहे, आणि त्यातली एक एमीच्याच वयाची, १९०३ सालीच जन्मलेली. तिचं नाव मेलिटा शिलर. ती जर्मन. तिचा बाप जन्माने यहुदी, तरुणपणी ख्रिस्ती झालेला. मेलिटा म्युनिकला गणित, पदार्थविज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकली, १९२७ साली बर्लिनच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत लागली. हिटलर आल्यावर बापाच्या जन्मामुळे १९३६ साली तिथून गेली. पण तिच्यासारखं काम दुसऱ्या कोणाला येईना, म्हणून लढाईत तिला पुन्हा बोलावलं. उंचावरून विमान उभं खाली सोडायचं, उपकरणाची नोंद घ्यायची आणि जमिनीजवळ आल्यावर वर उचलायचं, असे २,००० हून जास्त सूर तिने मारले. या सुरांत रक्त डोक्यातून पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे काळोख येतो. धडधाकट पुरुष दिवसातून काही थोड्या वेळा ते सहन करत, ही वर जाऊन पुन्हा पुन्हा करायची आणि रात्री बसून आकडेमोड करायची. १९४३ साली तिला लोखंडी क्रॉस दिला. तिचं काम आवश्यक आहे असं ठरल्यामुळे तिला आणि तिच्या घरच्यांना छावणीत नेलं नाही.

आमच्या जुन्या वाचकांना हे वाचताना कसंतरी होईल, आम्हांलाही झालं. ज्या राज्याने आपल्या साठ लाख माणसांना मारलं, त्या राज्याची बॉम्ब टाकणारी विमानं ही बाई सुधारत होती. आणि तिने ते केलं नसतं तर तिचा म्हातारा बाप त्याच गाडीत बसला असता. तिचा दीर क्लाऊस फॉन स्टाउफेनबर्ग याने २० जुलै १९४४ रोजी हिटलरखाली बॉम्ब ठेवला, म्हणून सगळं कुटुंब पकडलं. तिलाही पकडलं, आणि कामासाठी काही आठवड्यांनी सोडलं. मग ती सरकारी विमानाने छावण्यांतल्या नातेवाइकांना भेटायला जाऊ लागली. ८ एप्रिल १९४५ रोजी अशाच एका फेरीत अमेरिकन विमानाने तिला पाडलं. लढाई संपायला महिनाच उरला होता. आम्ही तिला डोक्यावर घेत नाही, दगडही मारत नाही. बापाला वाचवायला आपण काय काय केलं असतं, हे घरी बसून सांगणं सोपं आहे.

इकडे इंग्लंडात त्याच लढाईने एमीला शेवटी काम दिलं. कारखान्यातून निघालेली आणि दुरुस्त झालेली विमानं हवाईदलाच्या तळांवर पोचवायची एक संघटना निघाली, तिच्यात १९४० च्या सुरुवातीला पहिल्या आठ बायका घेतल्या. एमी त्याच वर्षी सामील झाली. ही संघटना म्हणजे विमानांची पोस्टमन. आज हे विमान, उद्या ते, कधी तर जन्मात न पाहिलेलं. हातात एक लहान टिपणवही, तिच्यात प्रत्येक विमानाचं एक पान, ते वाचून बसायचं. रेडिओ नाही, बंदूक नाही, ढगांखालून जमीन बघत जायचं. बायकांचा पगार पुरुषांहून पाचव्या हिश्शाने कमी होता, तो १९४३ साली सारखा झाला. दीडशेहून जास्त बायकांनी हे काम केलं, पंधरा मेल्या.

त्या पंधरांत एमी आहे. ५ जानेवारी १९४१, रविवार. आदल्या रात्री ती ब्लॅकपूलला बहिणीकडे राहिली होती. सकाळी एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचं विमान घेऊन ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली, तासाभराची वाट. हवा वाईट होती. चार तासांनी ते विमान वाट सोडून पार थेम्स नदीच्या मुखाशी पोचलं होतं. तिने पॅराशूटने उडी घेतली, ती बर्फाळ पाण्यात. हेजलमिअर नावाचं युद्धजहाज जवळ होतं, त्यांनी दोर टाकले, पण तिला ते पकडता आले नाहीत. अशा पाण्यात काही मिनिटांत बोटं बधिर होतात, दोर हातात येऊनही मूठ वळत नाही. हे आम्ही नर्स म्हणून सांगतो. जहाजाचा कप्तान वॉल्टर फ्लेचर याने तिच्यासाठी पाण्यात उडी टाकली. त्याला वर काढलं, पण गारठून तोही गेला. एमीचा देह सापडला नाही. ती ३७ वर्षांची होती.

विमान वाट कसं चुकलं, याच्या पुष्कळ कथा पसरल्या आहेत. आम्ही फक्त एवढं म्हणतो की त्या पाण्यात उडी टाकणाऱ्या फ्लेचरचं नाव मुलांनी एमीच्या नावाबरोबर लक्षात ठेवावं.

सेलेटारचा विमानतळ अजून चालू आहे. छोटी विमानं उतरतात, आणि आसपास विमानं आणि इंजिनं दुरुस्त करणारे कारखाने आहेत. जेसन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये छताला टांगलेलं आहे. ज्यांची नातवंडं सुट्टीत तिकडे जाणार असतील त्यांनी ती जागा विचारून घ्यावी, आणि पंख खालून नीट बघायला सांगावे.